परसबागेतील मोहरी व वासाबीच्या चवीचे भाजके दाणे

गेल्या काही वर्षांत शहरांतील दुकानांतून हिरवट रंगाचे, दाताखाली येताच नाकात झिणझिण्या आणणारे भाजके दाणे, वाटाणे व काजू विक्रीस आलेले दिसतात. त्यांच्या पाकिटांवर 'वासाबी' हे जपानी नाव छापलेले असते आणि साध्या खाऱ्या दाण्यांच्या मानाने त्यांची किंमतही बरीच अधिक असते. दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा शहराला लागून असलेल्या डोकमर्डीसारख्या वस्तीत घरामागे थोडीफार मोकळी जागा असते, घरातील स्त्रियांना भाजणे-कांडणे अवगत असते आणि पूरक उत्पन्नाची गरजही असते. अशा ठिकाणी दोन प्रश्न साहजिकच उपस्थित होतात. हे दाणे घरी तयार करता येतील काय? आणि वासाबीचे रोप परसात लावता येईल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आहे; परंतु वासाबीचे काम करणारी वनस्पती आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. ती वनस्पती म्हणजे मोहरी. मोहरीचा गुणधर्म नीट समजून घेतला, तर महागड्या परदेशी मालावाचून तीच चव साधता येते. मात्र झणझणीत चवीखाली खराब दाणा सहज लपतो. म्हणून कृती शिकण्याबरोबरच दाणा पारखण्यासही शिकणे तितकेच आवश्यक आहे.

वासाबी म्हणजे काय?

वासाबी ही मोहरी, मुळा व कोबी यांच्याच कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. जपानच्या डोंगराळ भागातील थंड ओढ्यांच्या काठी ती निसर्गतः वाढते. तिचे जाडसर हिरवे खोड बारीक किसून कच्च्या माशांबरोबर खाण्याची तेथे जुनी रीत आहे. शिझुओका व नागानो हे प्रांत तिच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहेत. डोंगरउतारावर दगड, खडे व वाळू यांचे थर देऊन पायऱ्यांचे वाफे बांधावयाचे आणि त्यांतून झऱ्याचे स्वच्छ पाणी अखंड वाहते ठेवावयाचे, अशी तेथील पद्धत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली शिझुओका येथील या पारंपरिक लागवडीस जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

या पिकास सावली, सदैव वाहते पाणी आणि साधारणतः ८ ते २० अंश सेल्सिअस तापमान लागते. उष्णता वाढली की पाने मलूल होतात व खोड कुजू लागते. लागणीपासून काढणीपर्यंत दीड ते दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ जातो. दमणगंगेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत लहान ओहोळ आटून जातात. अशा हवेत वासाबी उघड्यावर जगणे शक्य नाही. यंत्राने थंड केलेल्या बंदिस्त जागेत ती वाढविता येते. परंतु तो खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. म्हणून वासाबीच्या रोपांवर वा बियांवर घरचा किंवा बचत गटाचा पैसा घालू नये.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जपानबाहेर 'वासाबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पदार्थांत खरी वासाबी नसते, असल्यास अत्यल्प असते. हॉर्सरॅडिश नावाच्या युरोपीय मुळाची पूड, मोहरीची पूड व हिरवा रंग यांचेच ते मिश्रण असते. म्हणजे ज्या चवीसाठी अधिक दाम मोजले जातात, तिचा बराचसा भाग मूळचा मोहरीवर्गीय वनस्पतींचाच असतो.

झणझणीतपणा कोठून येतो?

मिरचीचा तिखटपणा व मोहरीचा झणझणीतपणा यांत मूलतः भेद आहे. मिरचीतील द्रव्य हवेत सहजी उडत नाही. ते जिभेवर व घशात जळजळत राहते. मोहरीतील द्रव्य बाष्परूपाने उडते, थेट नाकात चढते, डोळ्यांत पाणी आणते आणि क्षणार्धात ओसरते. वासाबीचाही अनुभव नेमका असाच असतो, कारण दोहोंतील मुख्य तीक्ष्ण द्रव्य एकच आहे. रसायनशास्त्रात त्यास अलिल आयसोथायोसायनेट म्हणतात.

नवलाची बाब अशी, की हे द्रव्य मोहरीच्या अखंड दाण्यात तयार स्थितीत नसते. दाण्यात सिनिग्रिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य एका जागी आणि मायरोसिनेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, दुसऱ्या जागी असते. दाणा भरडला जाऊन त्यास पाणी लागले म्हणजे दोहोंचा संयोग घडतो आणि काही मिनिटांत तीक्ष्ण द्रव्य निर्माण होते. किडीने पान कुरतडताच तिला पिटाळून लावण्यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे.

मराठी गृहिणीस हे शास्त्र अनुभवाने ठाऊक आहे. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण झोंबत नाही; कारण तापलेल्या तेलात विकर नष्ट होते. उलट लोणच्यासाठी किंवा काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी पाण्यात फेसली, की तिचा झणका नाकात चढतो. गोव्यातील आंब्याच्या 'सासव' या पदार्थातही वाटलेल्या कच्च्या मोहरीचाच उपयोग होतो. बंगालमधील 'कासुंदी'ची चवही याच गुणावर उभी आहे. यावरून एक नियम हाती येतो. झणका हवा असल्यास मोहरीला आच लागू देऊ नये. दाणे आधी भाजावेत व पुरते निवल्यावर मोहरी लावावी.

शेवग्याच्या बाबतीत एक खुलासा येथे करणे अगत्याचे आहे. शेवग्याच्या मुळासही असाच उग्र वास असतो. त्यामुळे इंग्रजांनी या झाडास हॉर्सरॅडिशचे झाड असे नाव दिले आणि त्याचे मूळ किसून पर्याय म्हणून वापरले. परंतु शेवग्याच्या मुळात व मुळाच्या सालीत विषारी द्रव्ये असतात. म्हणून मूळ खाण्यात आणू नये. पाला व शेंगा मात्र पौष्टिक व निर्धोक आहेत.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना वरील तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. कच्ची मोहरी कुटून तिची पूड करावी व तीन वाट्यांत एकेक चमचा घालावी. पहिल्या वाटीत साधे थंड पाणी, दुसरीत उकळते पाणी आणि तिसरीत थंड पाण्याऐवजी सिरका घालून कालवावे. उकळते पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे. वाट्या झाकून १० मिनिटे ठेवाव्यात. नंतर झाकण काढून, वाटी नाकाजवळ न नेता हाताने वास आपल्याकडे घ्यावा.

पहिल्या वाटीचा वास झणझणीत असतो. दुसरीत केवळ कडवट, शिजल्यासारखा वास येतो. तिसरीतील झणका पहिलीपेक्षा मंद असतो, कारण आंबटपणामुळे विकराचे कार्य रोखले जाते. पहिल्या वाटीत १० मिनिटांनंतर लिंबाचा रस घातला, तर तयार झालेला झणका अधिक काळ टिकतो. विकर, तापमान व आम्ल यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्यास यापरते सोपे साधन नाही. प्रयोगानंतर हात धुवावेत व डोळ्यांना लावू नयेत.

परसबागेत मोहरीची लागवड

मोहरी हे रब्बी हंगामाचे पीक असून त्यास थंड व कोरडी हवा मानवते. डोकमर्डीच्या परिसरात हिवाळा सौम्य व अल्पकाळ टिकणारा असल्याने पेरणीस उशीर करू नये. पावसाळा सरून वाफसा येताच, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरणी उरकावी.

जमीन मध्यम, पाण्याचा निचरा होणारी असावी. भातखाचराच्या चिकण मातीत पाणी साचून राहत असल्यास गादीवाफे करावेत. एक गुंठा क्षेत्रास सुमारे ५० ग्रॅम बियाणे पुरते. दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवून बी दोन ते तीन सेंटिमीटरपेक्षा खोल पडणार नाही अशा बेताने पेरावे. बी बारीक असल्याने ते कोरड्या वाळूत मिसळून पेरल्यास सारखे पडते. चांगले कुजलेले शेणखत आधीच मिसळावे. मोहरीच्या झणक्यात गंधकाचा अंश असल्याने या पिकास गंधकाची गरज इतर पिकांहून अधिक असते. जमिनीत त्याची उणीव असल्यास गुंठ्यास सुमारे २ किलो जिप्सम द्यावे.

पेरणीनंतर १५ दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर राखावे. उपटलेली कोवळी रोपे टाकून न देता त्यांची भाजी करावी. महिन्याभरानंतर खालची काही पाने भाजीसाठी खुडण्यास हरकत नाही. मात्र बी हवे असल्यास पाने बेताने काढावीत. फुलोऱ्याच्या वेळी व शेंगा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नये. जागा नसल्यास तळाशी छिद्रे पाडलेल्या जुन्या डब्यात किंवा कुंडीतही ४-५ रोपे वाढविता येतात.

या पिकाचा मुख्य शत्रू मावा होय. ढगाळ हवेत तो झपाट्याने वाढतो. सुरुवातीलाच मावा लागलेले शेंडे खुडून नष्ट करावेत आणि आवश्यकतेनुसार ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. माव्यावर उपजीविका करणारे ढालकिडे दिसल्यास फवारणी टाळावी.

साधारणतः १०० ते ११० दिवसांत बहुतेक शेंगा पिवळ्या पडतात. उन्हात काढणी केल्यास शेंगा फुटून बी गळते. म्हणून काढणी सकाळी लवकर करावी. बी कडक वाळवून हवाबंद डब्यात ठेवावे. उत्तरेकडील कडक थंडीत येते तेवढे उत्पन्न या भागात येईल अशी अपेक्षा धरू नये. परंतु घरच्या वापरास व थोड्या विक्रीस पुरेल इतकी मोहरी मिळते. पेरणीसाठी आणलेल्या बियाण्यास बहुधा बुरशीनाशक लावलेले असते. त्यातील उरलेले बी कदापि खाऊ नये.

पिवळ्या धोत्र्यापासून सावधगिरी

पडीक जमिनीवर व शेताच्या बांधावर पिवळ्या फुलांचे, काटेरी पानांचे पिवळा धोत्रा हे तण सर्वत्र आढळते. त्याचे बी दिसावयास मोहरीसारखेच असते, पण विषारी असते. त्याच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ झाल्याने जलशोथाची साथ उद्भवते. पायांवर सूज येते व हृदयावर परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत आलेल्या अशा साथीत साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

म्हणून मोहरीच्या वाफ्यात व आसपास हे तण फुलण्यापूर्वीच उपटून टाकावे. विकत आणलेली मोहरी पांढऱ्या कागदावर पसरून, शक्य तर भिंगातून पाहावी. मोहरीचा दाणा गोल व जवळपास गुळगुळीत असतो. पिवळ्या धोत्र्याचा दाणा खडबडीत असतो व त्यास एका बाजूस बारीक टोक असते. संशय आल्यास तो माल वापरू नये.

दाण्यांची पारख

भुईमुगाच्या दाण्यांस ओल लागली की त्यांवर बुरशी धरते. त्यांपैकी अस्परजिलस जातीच्या बुरशीपासून अफलाटॉक्सिन नावाचे विष निर्माण होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीचा शोध घेता घेता हे विष शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. त्यानंतर १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी गावांत, अवेळी पावसाने भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्यामुळे यकृतविकाराची साथ पसरली व शंभरांवर माणसे दगावली. घरात दुसरे धान्य नसल्यामुळे बुरशी दिसत असूनही तो मका खाल्ला गेला होता. हे विष थोड्या प्रमाणातही दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा संभव वाढतो.

दाणे धुतल्याने वा भाजल्याने हे विष पुरते नाहीसे होत नाही. साध्या भाजक्या दाण्यांत एखादा खवट किंवा कडू दाणा आला, तर जीभ तो तत्काळ ओळखते व माणूस तो थुंकून टाकतो. मोहरीच्या झणक्याखाली ही नैसर्गिक सूचनाच दडपली जाते. म्हणून या पदार्थासाठी दाणे निवडताना नेहमीपेक्षा अधिक कसोशी हवी. सुरकुतलेले, काळपट वा हिरवट डाग पडलेले, किडलेले, फुटके व वासाचे दाणे वेचून काढावेत. ते जनावरांना वा कोंबड्यांनाही घालू नयेत. पुरून किंवा जाळून टाकावेत. स्वतःच्या शेतातील शेंगा काढणीनंतर लगेच पसरून, हलविल्यावर आत दाणे खुळखुळेपर्यंत वाळवाव्यात. पोती ओल्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत.

दाणे तयार करण्याची कृती

साहित्य : निवडलेले शेंगदाणे १ किलो, कच्च्या मोहरीची पूड ३० ग्रॅम, बारीक मीठ १२ ग्रॅम, पिठीसाखर १५ ग्रॅम, आमचूर ३ ग्रॅम, सावलीत वाळविलेल्या शेवग्याच्या पाल्याची पूड ५ ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल १५ मिलिलिटर, भाजण्यासाठी जाडे मीठ किंवा स्वच्छ धुऊन वाळविलेली वाळू.

मोहरी न भाजता, दोन दिवस उन्हात वाळवून घ्यावी. मिक्सरवर थांबत थांबत दळावी, म्हणजे पूड तापणार नाही. नंतर ती बारीक चाळणीने चाळून घ्यावी. एक चमचा पूड थंड पाण्यात कालवून १० मिनिटांनी वास घ्यावा. झणका आला नाही, तर ती मोहरी जुनी किंवा भाजलेली आहे असे समजावे.

भरुचची खारी शिंग या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. भाजण्याची रीत तिच्यासारखीच ठेवावी. कढईत जाडे मीठ वा वाळू चांगली तापवून त्यात दाणे थोडेथोडे घालावेत व मध्यम आचेवर सतत हलवीत राहावे. साल सुटू लागली, आतील दाणा बदामी झाला व चावल्यास कुरकुरीत लागला, की चाळून बाजूस काढावेत. दाणे खाली उतरविल्यावरही आतल्या उष्णतेने थोडे भाजत राहतात, म्हणून रंग गडद होण्याची वाट पाहू नये. निवल्यावर साल चोळून पाखडून टाकावी.

दाणे हातास पूर्ण थंड लागल्यावर मोठ्या परातीत घेऊन त्यांवर तेल शिंपडावे व सर्व दाण्यांस पातळसा हात लागेल असे चोळावे. मोहरीची पूड, मीठ, साखर, आमचूर व पाल्याची पूड एकत्र करून ती थोडीथोडी भुरभुरावी व परात हलवीत राहावे. पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. कोरड्या पुडीत झणका सुप्त राहतो. दाणा चावताना लाळेचा ओलावा मिळाला, की काही क्षणांत तो जागा होतो. पाणी घातल्यास झणका परातीतच तयार होऊन उडून जातो आणि दाणेही मऊ पडतात. आमचुराचे प्रमाण कमी ठेवण्याचे कारण वरील प्रयोगावरून स्पष्ट होईल. चव पाहून पुढील वेळी मोहरी ४० ग्रॅमपर्यंत वाढवावी. त्यापुढे कडवटपणा जाणवू लागतो.

हिरव्या रंगासाठी कृत्रिम रंग वापरू नये. पाल्याच्या पुडीने येणारी फिकट छटा पुरेशी असते. याच रीतीने भाजलेले काजू किंवा वाटाणेही करता येतात.

साठवण, सेवन व विक्री

तयार दाणे त्याच दिवशी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. प्रकाश, हवा व ओल यांमुळे दाणे खवट होतात व झणकाही मंदावतो. म्हणून एका वेळी तीन-चार आठवड्यांत संपतील इतकेच करावेत; पावसाळ्यात त्याहूनही कमी करावेत.

पाच वर्षांखालील मुलांना अखंड दाणे देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. शेंगदाणा व मोहरी या दोहोंची काही व्यक्तींना तीव्र वावडे असते. ज्यांना असा त्रास पूर्वी झाला असेल त्यांनी हे दाणे खाऊ नयेत.

विक्री करावयाची असल्यास अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. त्याबाबत स्थानिक अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. वेष्टनावर घटकपदार्थ, वजन, तयार केल्याची तारीख, वापराची मुदत व वावड्याची सूचना स्पष्ट लिहावी. ज्यात वासाबी नाही त्यावर 'वासाबी' असे लिहिणे ही ग्राहकाची फसवणूक होय. 'मोहरी-दाणे' असे सरळ नाव द्यावे. ग्राहकाने एकदा विश्वास टाकला, की लहान उत्पादकास दुसऱ्या जाहिरातीची गरज उरत नाही.

परक्या हवेतील नाजूक रोपाच्या मागे लागण्यापेक्षा परसातील चार ओळी मोहरीकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरेल. हिवाळ्यात भाजी, फाल्गुनाच्या सुमारास बी आणि वर्षभर चविष्ट दाणे, असा त्रिविध लाभ त्यातून होतो. दाणा निवडण्यासाठी खर्ची घातलेला अर्धा तास हाच या उद्योगाचा खरा पाया आहे, हे मात्र प्रत्येक घराने व प्रत्येक गटाने कायम ध्यानी ठेवावे.